लाल रेषेच्या आत

सुटकेसचं तुटलेलं चाक धाकटीने आधी बुटाच्या टोकाने उलटवलं, मग वाकून उचललं. विमान बेवर, म्हणजे त्याच्या थांबायच्या जागेवर, उभं राहायला येण्याआधी तिथली जमीन अशी पायांनी विंचरून काढावी लागते. खडा, खिळा, कुलपाचा तुकडा, प्लास्टिकची पट्टी, काहीही राहून गेलं की इंजिन ते आत ओढून घेतं. इंजिनाला भूक कळते, घास कळत नाही.

"मिळालं काही, की नुसतीच वाकतेयस?" मागून वन्संचा आवाज आला.

"चाक आहे."

"असू दे. घरची माणसं घर सोडून पळतात, मग बॅगेच्या चाकाने काय घोडं मारलंय."

बेच्या दुसऱ्या कडेने जमीन बघत चाललेल्या आजोबांनी मान आणखी खाली घातली. निवृत्तीला आलेला हा माणूस दोघींच्या मध्ये कधी पडत नसे. त्यांच्या मते विमानतळावर दोनच गोष्टींसमोर उभं राहू नये: चालू इंजिनासमोर, आणि या दोघींचं चालू असताना दोघींसमोर.

वन्संनी हात पुढे केला होता. धाकटीने चाक त्या हातावर न ठेवता थेट कचऱ्याच्या पिशवीत टाकलं.

'वन्सं' हे नाव इथे आणलं ते धाकटीनेच. लग्नानंतर वन्संनीच शब्द टाकून तिला या कामावर लावलं, आणि नवऱ्याची मोठी बहीण म्हणून ती त्यांना सगळ्यांसमोर वन्सं म्हणायची. ऐकून ऐकून सामानवाले, इंधनवाले, एरोब्रिज चालवणारे, सगळेच म्हणायला लागले. शिडीची गाडी चालवणारा भोंगा तर म्हणायचा, जगात प्रत्येक बाईला आपापली नणंद असते, आपल्याकडे मात्र सगळ्या विमानतळाला मिळून एक आहे. वन्संना ते आवडायचं. आता धाकटी घर सोडून गेली होती. सगळा विमानतळ अजूनही वन्सं म्हणत होता, आणि जिच्या तोंडी ते शोभत होतं ती एकटीच म्हणत नव्हती. 'ऐका,' म्हणायची. किंवा नुसतंच खाकरायची. मनातल्या मनात शिव्या घालताना मात्र त्यांचं आदराचं अनेकवचन तिला अजून सुटलं नव्हतं, आणि याचाच तिला जास्त राग यायचा.

भांडण तसं साधंच होतं. आई गेल्यावर वन्संनी धाकट्या भावाला वाढवलं, आणि वाढवून झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. त्यांच्याकडे भावाच्या घराची किल्ली होती. धाकटी कामावर असली की त्या यायच्या, फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावून जायच्या, धुतलेले पडदे पुन्हा धुवायच्या. ती बोलली की त्या बोलायच्या, दोघींचं वाजलं की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. एके दिवशी धाकटीने त्याच्या हातातून रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "आता बोल." तो बंद पडद्याकडेच बघत राहिला. ती दोन पिशव्या भरून निघाली आणि कपडे धुण्याच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेऊन राहिली. खोलीला कायम साबणाचा वास यायचा, पण तिची किल्ली एकच होती.

तेव्हापासून वन्संचं म्हणणं एकच: "माझ्या भावाला वाळत घातलंस."

आणि आता ड्यूटी लावणाऱ्याने दोघींना एकाच गटात टाकलं होतं. वन्सं पुढे, विमानाला हातातल्या दोन काठ्यांनी इशारे देऊन जागेवर आणणाऱ्या, मार्शलर. धाकटी एका पंखाच्या टोकाशी, आजोबा दुसऱ्या. धाकटीने सुरक्षा अधिकाऱ्याकडे जाऊन गट बदलून मागितला होता. ते म्हणाले होते, "इथे नणंद-भावजय कोणी नसतं. मार्शलर असतो आणि पंखवाले असतात." मार्शलर व्हायची परीक्षा धाकटी पास झाली होती. पण काठ्या हातात यायला गटप्रमुखाचा होकार लागतो, आणि गटप्रमुख वन्सं. त्यांनी सांगितलं होतं, "अजून नाही. नजर पक्की नाही तिची." त्या होकारावर पगार अडला होता, आणि पगारावर खोली.

"आलं," आजोबा म्हणाले.

लांबच्या वळणावर विमानाचं नाक दिसलं. तिघांनी कानांवर जाड कानपट्ट्या चढवल्या आणि जग एकदम घोंगडीत गुंडाळल्यासारखं झालं. वन्सं मधल्या पिवळ्या रेषेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काळा चष्मा लावला आणि नारिंगी काठ्या डोक्यावर धरल्या. धाकटी तिच्या जागी गेली, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, लाल रेषेला लागून. विमान बेवर असताना या रेषेच्या आत काहीही उभं राहायचं नसतं.

ही बे अडचणीची होती. विमानाला इथे शेवटपर्यंत वळत वळत यावं लागायचं. आणि विमान वळतं तेव्हा मागे झुकलेल्या पंखाचं बाहेरचं टोक सरळ जाताना लागते त्याहून जास्त जागा मागतं. पंख लांब होत नाही, पण वळणात तो फुगून बाहेर आल्यासारखा वाटतो. प्रशिक्षणात टेबलावर कागदी विमान फिरवून हे दाखवतात. सगळे माना डोलावतात, आणि पहिल्यांदा खरा पंख आपल्या दिशेने सरकताना बघितला की सगळेच एक पाऊल मागे सरतात. वर बसलेल्या कप्तानाला हे टोक दिसत नाही. समोर उभ्या मार्शलरला टोक दिसतं, पण टोक आणि अडथळा यांच्यामधली फट तिथून मोजता येत नाही. ती फट फक्त टोकाखाली उभ्या माणसाला कळते. त्याची काठी वर असली तर मोकळं, दोन काठ्यांची फुली झाली तर थांब. मार्शलरने हाताच्या एका इशाऱ्याने विमान पुढे बोलवायचं, एकदा डावीकडे बघायचं, एकदा उजवीकडे बघायचं, मग पुढचा हात. फुली दिसली की का म्हणून विचारायचं नसतं. आधी विमान, मग भांडण, असं वन्संच शिकवायच्या.

विमान वळायला लागलं. इंजिनाचा आवाज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवत होता. वन्सं कोपरात हात मोडून त्याला बोलावत होत्या. त्या कुठे बघतायत हे काळ्या काचांमुळे कधीच कळत नसे. धाकटीला मात्र कळायचं. आपण कधी चुकतो याची वाट बघत दोन डोळे आपल्यावर रोखलेले आहेत हे तिला गालावर जाणवायचं. म्हणून ती काठी एकदम उभी, एकदम ताठ धरायची.

त्याच वेळी मागच्या रस्त्याने इंधनाचा टँकर आला. शेजारच्या बेवरून परतणारी भोंग्याची शिडीची गाडी त्याच्या वाटेत होती. भोंग्याने टँकरला वाट देण्यासाठी गाडी मागे घेतली. टँकर गेला. गाडी तिथेच राहिली, शिडीचा उंच भाग लाल रेषेच्या चांगला आत. भोंगा एरवी अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल असं बोलायचा, पण हातात फोन आला की मुका व्हायचा. त्याने फोन काढला.

धाकटीने शिडी बघितली. पंखाचं टोक बघितलं. दुसरी काठी पहिलीवर आडवी आणायची, एवढंच काम होतं.

समोर वन्सं हात हलवत होत्या, ये, ये, अजून ये. आपल्याच घरात बोलावल्यासारख्या. किल्ली त्यांच्याचकडे असल्यासारख्या.

विमान सावकाश होतं. पंख शिडीला लागला तर पत्रा फाटेल, उतारू शिव्या घालत उतरतील, विमान कितीतरी दिवस उडणार नाही. शिडीवाल्याला झापतील, पंखवालीला विचारतील. काठ्या काढून घेतील त्या मार्शलरच्या.

धाकटीचा हात मांडीशी होता तिथेच राहिला. तिने श्वास आत घेतला आणि तो आतच धरून ठेवला.

मग तिने फुली केली.

विमान थांबलं नाही. तिला वाटलं, आपली फुली खाली राहिली. तिने काठ्या डोक्यावर नेल्या आणि एकमेकींवर आपटल्या. वन्संचे हात हलतच होते. धाकटी ओरडली. काय ओरडली ते तिला स्वतःलाही ऐकू आलं नाही, पण ओठांचा आकार तिला कळला. 'वन्सं' म्हणून ओरडली होती ती.

पंखाच्या आधी पंखाची सावली पोचली. ती शिडीच्या पायऱ्या चढली, उतरली आणि भोंग्याच्या फोनवर पडली. भोंग्याने वर बघितलं. पुढच्याच क्षणी तो दारातून बाहेर उडाला आणि पिवळं जाकीट फडफडवत पळत सुटला. तेव्हा कुठे वन्संच्या काठ्यांची फुली झाली. विमानाचं नाक खाली दबलं, वर आलं. थांबलं.

पंखाचं टोक आणि शिडीचा कठडा यांच्यामधून फार तर एक हात गेला असता.

कोणी हललं नाही. हलता येतच नव्हतं. विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा लुकलुकत असतो तोवर इंजिन चालू आहे असं धरायचं, आणि तो विझेपर्यंत कोणी जवळ जायचं नाही, मग काहीही होवो. कप्तानाने एरोब्रिजकडे बघून हात पसरले, काय चाललंय म्हणून. आजोबा आपल्या पंखाखाली काठी वर धरून तसेच उभे होते, त्यांच्या बाजूला सगळं मोकळंच होतं. वन्सं फुली धरून उभ्या होत्या. धाकटी फुली धरून उभी होती. दिवा विझायला त्या दिवशी फार वेळ लागला.

नंतर ट्रॅक्टर आणून विमान आधी मागे घेतलं, मग जागेवर ओढलं. उतारू खिडक्यांना नाकं लावून बघत होते. भोंगा भिंतीला टेकून पाणी पीत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "सावली पडली म्हणून वाचलो रे. ढग असता तर आज माझा फोटो लावायला लागला असता."

कपडे बदलायच्या खोलीत धाकटीने नळ सोडला आणि मनगटं पाण्याखाली धरली. तिला अधिकाऱ्यांनी बोलावलं होतं. दोघींना वेगवेगळं विचारणार होते, आधी तिला. दार उघडलं तेव्हा तिने वळून बघितलं नाही. आरशात वन्सं दिसल्या. चष्मा हातात होता आणि नाकावर त्याचे दोन लाल वळ होते.

"सांग जाऊन," वन्सं म्हणाल्या. "खुशाल सांग."

धाकटीने मनगटं पाण्यातून काढली. दिसलं यांना. हात मांडीशी राहिलेला दिसला.

"काय सांगू?"

"जे बघितलंस ते. मी तुझ्याकडे बघत नव्हते."

नळ चालू होता. धाकटीने तो बंद केला.

"म्हणजे? फुली केली होती मी."

"केली असशील. मला काय माहीत? भोंग्या पळाला ते दिसलं, म्हणून थांबवलं."

"आज नव्हतात बघत?"

"आज नाही, काल नाही. तुला माझ्या गटात टाकल्यापासून त्या बाजूला मान वळवली नाही मी. तुझं तोंड बघितलं की मला तो दिसतो, गॅससमोर उभा राहून भांड्यातूनच खाणारा. मग हात चालत नाहीत माझे."

"इतकी विमानं आणलीत? एका डोळ्याने?"

"आणली ना? एकाला तरी ओरखडा आलाय?" वन्संनी चष्मा कपाटात टाकला. "पिवळी रेष आहे, इतक्या वर्षांचा हात आहे. तुझ्या एका काठीवाचून विमानं अडत नाहीत."

धाकटीला हसू आलं, आणि ते आल्याची भीतीही वाटली. रोज ताठ धरलेली ती काठी. गालावर जाणवणारी ती नजर. चोरी करून जीव मुठीत धरून पळावं आणि वळून बघितल्यावर मागे कुत्रंही लागलेलं नसावं, तसं झालं होतं. तिचा तो एक श्वास या जगात कोणी बघितला नव्हता.

"हे मला का सांगताय?"

"तू बघितलं असशीलच म्हणून. मागून वार नको. समोर येऊन सांगते आणि मोकळी होते." वन्संनी कपाट आपटून बंद केलं. "साहेबांना मी सांगणार, फुली आली आणि मी थांबवलं. तुला वेगळं सांगायचं असेल तर सांग. घर मोडलंस, नोकरी मोडायला तुला किती वेळ लागतो! माकडाच्या हातात कोलीत दिलंय. बघू काय काय पेटवतेस."

"मी माकड?"

"नाही, मॅडम. मॅडम तुम्ही."

त्या गेल्या. धाकटीने तोंड पुसलं, मग हात, मग पुन्हा तोंड.

अधिकाऱ्यांच्या खोलीत पंखा गरागरा फिरत होता. टेबलावर हातभर लांबीचं प्लास्टिकचं विमान होतं आणि त्याचा एक पंख चिकटपट्टीने जोडलेला होता. अधिकारी सावकाश बोलायचे. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे, आणि म्हणूनच सगळे त्यांना घाबरायचे.

"कॅमेऱ्यात नाक दिसतं आणि एरोब्रिज दिसतो," ते म्हणाले. "मार्शलर पाठमोऱ्या. पंखाची टोकं चौकटीच्या बाहेर आहेत. म्हणून विचारावं लागतंय. शिडी आत आलेली तुम्हाला दिसली?"

"हो."

"फुली केलीत?"

"केली."

"ताबडतोब?"

खिडकीतून ती शिडी दिसत होती. तिच्याभोवती आता पिवळे शंकू लावले होते, जणू तीच पळून जाणार होती. 'हो' म्हटलं की झालं. मग ते पुढचं विचारतील, आणि पुढचं तर खरंच सांगायचं होतं: फुली दिसायला हवी होती, दिसली नाही, कारण त्या बघतच नव्हत्या. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. संध्याकाळपर्यंत वन्संच्या काठ्या गेल्या असत्या, महिन्याभरात कदाचित तिच्या हातात आल्या असत्या. दोघींनी मिळून वन्सं म्हणाल्या तसं सांगितलं तर कोणाचंच काही गेलं नसतं. आणि उद्या त्याच बेवर तेच विमान आलं असतं.

"नाही," धाकटी म्हणाली.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

"शिडी दिसली. मी थांबले. मग फुली केली."

"किती वेळ थांबलात?"

"श्वास घेण्याइतका."

"गोंधळलात?"

"नाही." तिने टेबलावरच्या विमानाकडे बघितलं. "लागला तर त्यांच्या काठ्या जातील, असं वाटलं. जाव्यात, असं वाटलं."

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.

"आणि तुम्ही फुली केल्यावर त्यांनी लगेच थांबवलं?"

हे इथेच सोडून देता आलं असतं. सगळं अंगावर घेऊन, मान खाली घालून, चांगली म्हणवून घेऊन बाहेर पडता आलं असतं. चांगली म्हणवून घ्यायची तिला अजिबात इच्छा नव्हती.

"नाही. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बघतच नाहीत. आजच नाही, मी गटात आल्यापासून."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांनीच सांगितलं. आत्ता."

"त्या माझ्यासमोर हे कबूल करतील?"

"साधं विचारलंत तर नाही करणार. माझं नाव घेऊन विचारा," धाकटी म्हणाली. "राग आला की खरं बोलतात त्या."

तसंच झालं. वन्संचा आवाज बंद दाराबाहेर बाकावर बसलेल्या धाकटीपर्यंत पोचला. शब्द कळत नव्हते, पण चढ-उतार तिला पाठ होता. डब्यांवरून, पडद्यांवरून ऐकलेला तोच. मग तो एकदम थांबला. दार उघडून वन्सं बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात काठ्या नव्हत्या.

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन," त्या म्हणाल्या. "ऐकलं होतं. आज बघितलं."

धाकटी उठून उभी राहिली.

"तुझ्याही गेल्या. मार्शलरचं नावसुद्धा काढायचं नाही तू आता. कळतंय ना?"

"कळतंय."

"त्यांनी सांगितलं ते खरं? दिसलं होतं तुला, आणि मुद्दाम थांबलीस?"

"हो."

वन्संनी तोंड उघडलं. नेहमीसारखं काहीतरी येणार म्हणून धाकटीने अंग आवळलं. पण वन्सं तिच्याकडे बघत होत्या, अनोळखी माणसाकडे बघावं तशा.

"एवढी असशील असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मलाही नव्हतं वाटलं."

काढून मात्र कोणालाच टाकलं नाही. दोघींना विमानांपासून दूर केलं, पगार कापला, आणि अगदी पहिल्या धड्यापासून शिकायला पाठवलं. काळा चष्मा सगळ्याच मार्शलरना बंद झाला, आणि त्याबद्दल बाकीच्यांनी दोघींना सारख्याच शिव्या घातल्या.

हँगरच्या मागे, जुनी चाकं रचून ठेवलेल्या आवारात, एक खोटी बे आखलेली होती. विमान म्हणून ट्रॅक्टर होता आणि पंख म्हणून त्याला आडवा बांधलेला लांब ॲल्युमिनियमचा पाइप. ट्रॅक्टरवर भोंगा होता. तोही शिक्षेवरच होता, पण त्याने ती अंगाला लावून घेतली नव्हती.

"उतारूंनी कृपया पट्टे बांधावेत," तो ओरडला. "आज विमान नणंद-भावजयीच्या भरवशावर आहे."

"तोंड बंद ठेव, नाहीतर पाइप घालीन डोक्यात," वन्सं म्हणाल्या.

अधिकारी सावलीत उभे होते. "नियम माहीत आहे," ते म्हणाले. "तरी पुन्हा सांगतो. एक हात पुढे, मग पंखवालीच्या डोळ्यांत बघायचं. काठीकडे नाही, डोळ्यांत. तिने मान हलवली की पुढचा हात. तिने नजर काढली तर थांबा. तुम्ही नजर काढलीत तर तिने फुली करायची. चला."

ट्रॅक्टर निघाला. वन्संनी हाताने तो पुढे बोलावला आणि मान वळवली.

इतक्या महिन्यांत धाकटीने ते डोळे असे समोरासमोर बघितले नव्हते. उन्हाने बारीक झालेले, कडांना लाल, आणि त्यांत माया अजिबात नव्हती. तिने काठी उभी धरली, मान हलवली. दुसरा हात. पुन्हा ते डोळे. मान. पाइपचं टोक वळायला लागलं, बाहेर सरकायला लागलं. रेषा मोकळी होती. चारी बाजूंनी सगळं मोकळं होतं.

धाकटीने फुली केली.

वन्संच्या काठ्या लगेच आडव्या झाल्या, अगदी त्याच क्षणी, मध्ये श्वासभरही वेळ न जाता. भोंग्याने ब्रेक दाबला, पाइप थरथरला.

"काय झालं?" वन्सं ओरडल्या.

"काही नाही."

"काही नाही? मग फुली कशाला?"

"बघितलं, दिसते का."

भोंगा ट्रॅक्टरवर मान खाली घालून हसू दाबत होता. अधिकारी सावलीतून एक पाऊल पुढे आले आणि थांबले. वन्संच्या जबड्याची शीर हलली. आता काठ्या फेकतात, असं धाकटीला वाटलं.

"दिसली," वन्सं म्हणाल्या. "उचल आता. ऊन लागतंय मला."

घामाचा एक ओघळ त्यांच्या भुवईवरून निघाला आणि थेट डोळ्यात उतरला. दोन्ही हात काठ्यांत अडकले होते. त्यांनी पापणी मिटली नाही. डोळा लाल होत गेला, भरून आला, आणि त्या धाकटीची काठी वर जायची वाट बघत तिच्याकडे बघत राहिल्या.